मरहूम रहीम साहेब : मैदानावरचे मास्तर
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



दहावीचे वर्ष सुरू झाले की आम्हा शिक्षकांकडे पालकांच्या चिठ्ठ्या येऊ लागतात. ‘मुलाला खेळाच्या तासाला सोडू नये, त्या वेळात गणित घ्यावे.’ पोटाला चिमटा घेऊन मुलाला शिकविणाऱ्या बापाची तळमळ मला समजते. मुलींच्या बाबतीत तर चिठ्ठीचीही गरज पडत नाही, त्या मैदानावर दिसतच नाहीत! म्हणून आज तुम्हांस एका शाळामास्तरांची हकीकत सांगावयाची आहे.

मरहूम सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबादेत झाला. आपला मराठवाडाही त्या वेळी त्याच निजामी राज्यात होता. उस्मानिया विद्यापीठात शिकत असताना ते फुटबॉल खेळले आणि पदवी घेऊन शिक्षक झाले. काचीगुडा मिडल स्कूल, दारुल-उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून त्यांनी नोकरी केली. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि मुलांच्या खेळाची जबाबदारी अंगावर घेतली. हिंदुस्थानच्या फुटबॉलचा सर्वांत मोठा प्रशिक्षक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते असे आपल्यासारखेच खडू-फळ्याचे मास्तर होते.

त्यांची शिकविण्याची एक रीत मला फार मोलाची वाटते. रहीम साहेब अशा स्पर्धा भरवीत, की ज्यांत खेळाडूने आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा. उजवा पाय चालणाऱ्याला डावा, डाव्याला उजवा. आता वर्गातला आपला रिवाज पाहा. ज्याचे गणित कच्चे, तो मुलगा मागच्या बाकावर तोंड लपवून बसतो आणि आपणही त्याला तेथेच राहू देतो. त्या स्पर्धेत मात्र प्रत्येकाची कमजोरीच मैदानात उतरत असे. सगळेच अडखळणार, मग कोण कोणाला हसणार? चेंडू स्वतःजवळ न ठेवता लगेच साथीदाराला द्यावयाचा, अशाही स्पर्धा ते घेत.

तुळशीदास बलराम हा सिकंदराबादचा गरीब मुलगा. रोज हैदराबादेस सरावाला यावयाचे तर पैसे कोठून आणावयाचे? रहीम साहेबांनी त्याच्या येण्याजाण्याच्या खर्चाची सोय केली. पुढे हाच बलराम देशाच्या आघाडीच्या फळीत चमकला.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलीस संघ रहीम साहेबांच्या हाती आला. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. १९५१ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळविले. पण दुसऱ्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपला १०-१ असा धुव्वा उडविला. आपले बरेच खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते! पुढच्या ऑलिंपिकमध्ये, १९५६ साली मेलबर्नला, याच देशाने ऑस्ट्रेलियाला ४-२ ने नमविले. त्यांतले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलची उपान्त्य फेरी आशियातील कोणत्याही देशाने त्याआधी गाठली नव्हती.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट तर विद्यार्थ्यांनी पाठ करावी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० ने हरविले. बचावफळीतला जर्नैल सिंग डोक्याला जखम होऊन टाके पडल्याने जायबंदी. एका राजकीय वादावरून तेथील प्रेक्षक भारतावर संतापलेले. अशा वेळी रहीम साहेबांनी जर्नैलला घरी बसविले नाही, त्याला आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा तोच दक्षिण कोरिया समोर आला. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, दुसरा त्या टाके पडलेल्या जर्नैलने! भारत २-१ ने जिंकला. त्यानंतर आशियाई फुटबॉलचे सुवर्ण आपल्याला आजतागायत मिळालेले नाही.

पालकांनो, त्या संघात बंगाली होते, पंजाबी होते, दक्षिणेतले होते. हिंदू, शीख, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच होते, आणि सर्वांचे ते ‘रहीम साहेब’ होते. आपल्या समाजाविषयी लोक काय बोलतात याची चिंता आपण घरात बसून फार करतो. अशी मुले एकत्र खेळतात ती जागा मात्र आपण वेळापत्रकातून खोडून टाकतो.

रहीम साहेबांना या यशाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. जकार्तानंतर अवघ्या नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय उणेपुरे त्रेपन्न. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा कोठे पुष्कळांना हे नाव प्रथम कळले. त्यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात निवडले गेले होते. प्रशिक्षक अर्थात वडीलच होते.

येत्या सोमवारपासून दहावीच्या दोन्ही तुकड्यांचा खेळाचा तास पूर्वीप्रमाणे सुरू होत आहे. मुलींसाठी शनिवारची सकाळ ठेवली आहे. ज्यांना चिठ्ठी पाठवावयाची असेल त्यांनी ती जरूर पाठवावी, मात्र त्याआधी एकदा मैदानावर येऊन आपल्या मुलाला खेळताना पाहून जावे, ही विनंती.