न वाजणारा धातु



नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा आपणांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. तिच्यावर १७२१ हा सन आहे, आणि १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई घेतल्यावर मराठ्यांच्या हातीं आलेल्या घंटांपैकीं ती एक, असें सांगतात. पण मला आज इतिहास सांगावयाचा नाहीं. घंटेचें कांसें म्हणजे अदमासें चार भाग तांबें व एक भाग कथील. त्यावर टोला दिला कीं नाद किती तरी वेळ घुमत राहतो. याच्या अगदीं उलट, अंगांत शिरलेला कंप तेथल्या तेथें जिरविणारा धातु म्हणजे मॅग्नेशियम. शाळेंत असतांना मीं त्याची फीत दरवर्षीं जाळून दाखविली. मुलांचे डोळे दिपत, आणि माझें त्याविषयींचें ज्ञानहि तेथेंच संपत असे.

पुढें या विषयाकडे मी वळलों तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळें. मे २०२१ मधील तौक्ते वादळांत आमच्या किनाऱ्यावर झाडांची फार पडझड झाली. तेव्हांपासून त्यानें पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेऊन झाडें तोडण्याचा धंदाच धरला. दोन वर्षांनीं एका थंडीच्या सकाळीं तो आरोंद्यास माझ्या ओटीवर येऊन म्हणाला, “गुरुजी, हीं बोटां माझी नाय, असा वाटता.” बोटांचीं टोकें खरोखरच पांढरीं फटक पडलीं होतीं. त्याच्या करवतीचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें. कंप गिळणारा धातु मध्यें असतां कंप बोटांपर्यंत पोंचले कसे?

उत्तरासाठीं धातूच्या पोटांत शिरावें लागतें. शिरोड्याचें मिठागर १९३० च्या सत्याग्रहामुळें आपणांस ठाऊक आहेच. तेथील मिठाचा खडा निरखून पाहिला तर तो चौकोनी ठोकळ्यासारखा दिसतो. आंतील कणांची शिस्तच बाहेर उमटलेली असते. (मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडवट पाण्यांत मॅग्नेशियमचे क्षार असतात. समुद्राच्या एका लिटरमागें सुमारें सव्वा ग्रॅम मॅग्नेशियम असतें. म्हणजे हा धातु आमचा शेजारीच म्हणावयाचा.) धातूंतहि अणु असेच शिस्तीनें बसलेले असतात.

ताटांत लाडू रचतांना पहिल्या थराच्या खळग्यांत दुसरा थर बसतो. तिसरा थर मात्र दोन रीतींनीं बसवितां येतो. तो पहिल्या थराच्या नेमका डोक्यावर आला तर मॅग्नेशियमची षट्कोनी रचना होते. उरलेल्या खळग्यांवर आला तर तांब्याची अगर ॲल्युमिनियमची घनाकृति. फरक एवढाच, पण परिणाम मोठा! तांब्यांत असे दाट थर चार दिशांना सांपडतात आणि ते चहूंकडे घसरूं शकतात. मॅग्नेशियमचे थर साध्या उष्णतामानांत पत्त्यांच्या जुडीसारखे एकाच अंगानें सहज सरकतात.

तेहि सगळे एकदम नव्हे. अंथरलेली सतरंजी ओढण्यापेक्षां तिला पडलेली सुरकुती पुढें ढकलणें सोपें, तसें हें आहे. स्फटिकांतील अशा सुरकुत्यांची कल्पना १९३४ मध्यें टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनीं स्वतंत्रपणें मांडली. शुद्ध मॅग्नेशियममध्यें या सुरकुत्या त्या एकाच सोप्या थरांत, टोंकांशीं अडकून, पण मध्यें मोकळ्या असतात. कंप आला कीं त्या तारेसारख्या पुढेंमागें वांकतात, या हालचालींत शक्ति खर्ची पडते आणि कंपाची ऊब होऊन जाते. हादरा मोठा असला तर त्या मधल्या अडसरांतूनहि सुटतात आणि अधिकच गिळतात. याचें गणित ग्रॅनाटो व ल्यूके यांनीं १९५६ मध्यें मांडलें. घंटेच्या कांशांत कथिलाचे अणु व तांब्या-कथिलाचें कठीण संयुग सुरकुत्यांना हलूं देत नाहींत, म्हणून तिचा नाद टिकतो.

आतां करवतीकडे येऊं. थर सहज सरकतात म्हणजेच शुद्ध मॅग्नेशियम दुबळें. तें यंत्रांत टिकावें म्हणून त्यांत बहुधा नऊ टक्के ॲल्युमिनियम व एक टक्का जस्त घालतात. हे परके अणु सुरकुत्यांना खिळे ठोकल्याप्रमाणें बसतात. धातु बळकट होतो, आणि त्याच कारणानें त्याची कंप गिळण्याची शक्ति पुष्कळशी जाते. बळ हवें तर मौन जातें, असा हा सौदा आहे. एक टक्क्याहूनहि कमी झिर्कोनियम घातलें तर गिळण्याची शक्ति बरीच राहते, पण मग बळ बेताचेंच मिळतें. करवतीचें कवच मॅग्नेशियमचें करतात तें मुख्यतः हलकेपणासाठीं. पाण्याच्या पावणेदोन पट एवढेंच त्याचें वजन, तर ॲल्युमिनियमचें पावणेतीन पट. कंप अडविण्याचें काम मूठ व इंजिन यांच्यामधील रबराकडे अगर स्प्रिंगकडे असतें.

मीं त्याला करवत घेऊन यावयास सांगितलें. मुठीखालील रबरें झिजून गेलीं होतीं, आणि मूठ हलते म्हणून त्यानें तेथें लोखंडी चकत्या घालून सारें घट्ट आवळून टाकलें होतें. इतके दिवस यंत्राचा प्रत्येक ठोका सरळ हातांत उतरत होता. त्यानें नवीं रबरें बसविलीं, डॉक्टरलाहि हात दाखविला. सततच्या कंपांनीं बोटांतील रक्तवाहिन्या थंडींत आंवळतात, असें डॉक्टर म्हणाले. करवत आतां तो दिवसांतून थोडा वेळच धरतो. परवां येऊन गेला तेव्हां चहाचा कप दोन्ही हातांनीं धरून बराच वेळ बसला होता.