थेंबाएवढ्या जगात

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत आम्ही उभयतांनी केलेलं भाषण)



आमच्यापैकी एकाने कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, दुसरीने पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासलं. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून एका विषयावर बोलायची वेळ आज पहिल्यांदाच आली, आणि ती गेल्या वर्षीच्या पंचामृताने आणली.

स्थापनेचा दिवस होता. आमच्या आई, वय ८१, बरीच वर्षं इन्सुलिनवर. त्यांनी पंचामृत कालवलं. जेवणाआधी घरच्या मशीनवर साखर पाहिली, तर आकडा ३३८! आमची धांदल उडाली. जास्तीचं इन्सुलिन द्यायचं इथपर्यंत ठरलं, पेनही हातात घेतलं. तेवढ्यात आईच म्हणाल्या, "थांबा, बोटं चिकट लागतायत, हात धुऊन येते." हात धुतले, कोरडे केले, दुसऱ्या बोटाचा थेंब घेतला. १४६. ते इन्सुलिन दिलं असतं तर दुपारी झोपेत साखर कुठवर उतरली असती, हे आजही मनात आणवत नाही. मशीन निर्दोष होतं. दोन "शिकलेली" माणसं समोर उभी होती, चूक त्यांची.

हिशेब आम्ही मागाहून मांडला. त्या पट्टीत जेमतेम अर्धा मायक्रोलिटर रक्त शिरतं, म्हणजे मिलिमीटरभर लांब, मिलिमीटरभर रुंद आणि अर्धा मिलिमीटर उंच अशा डबीत मावेल एवढं. १४६ चे ३३८ व्हायला त्यात साधारण एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज जादा लागतं. मधात जवळपास तीस टक्के ग्लुकोज असतं. म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले तीन भाग मध पट्टीत गेला की पुरे! (गंमत म्हणजे पंचामृतातल्या साध्या साखरेचा इथे फारसा दोष नाही. ती वेगळी शर्करा, पट्टी तिला ओळखत नाही. मध, द्राक्षं, केळी यांपासून मात्र सावध.)

आता पट्टी रक्त ओढते कशी? आत पंप नाही, मोटर नाही. समईची वात आठवा. तेल वातीतून वर चढतं, त्याला कोणी ढकलत नाही. तेच केशाकर्षण. मोठ्या भांड्यात पाण्यावर वजनाची सत्ता चालते. पण पाण्याचा आकार पावणेतीन मिलिमीटरच्या खाली गेला की वजन मागे पडतं आणि पृष्ठताण राज्य करू लागतो. अळवावरचं पाणी गोल राहतं, कारण पानाला ते नकोसं असतं. पट्टीच्या आतला पृष्ठभाग मुद्दाम उलटा, पाण्याला जवळ करणारा बनवतात. म्हणून थेंब पट्टीवर वरून टाकायचा नाही. पट्टीचं तोंड थेंबाला नुसतं टेकवायचं, ती आपली ओढून घेते.

दुसरी गोष्ट दाटपणाची, म्हणजे व्हिस्कॉसिटीची. १८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून पाहिली. वेग कमी असताना धार सरळ दोऱ्यासारखी राहिली, वेग वाढवल्यावर विस्कटली. त्यावरून आलेला रेनॉल्ड्स अंक सांगतो, की वेगाचा जोर मोठा की दाटपणाचा. नळातल्या पाण्यासाठी तो साधारण दोन हजारांच्या वर गेला की खळबळ सुरू होते. केसाएवढ्या वाटेतून सेकंदाला एक मिलिमीटर चालणाऱ्या पाण्याचा अंक भरतो ०.१! तिथे भोवरा नाही, घुसळण नाही. दोन धारा शेजारून गेल्या तरी मिसळतात त्या फक्त रेणूंच्या विसरणाने.

मग पट्टीतल्या रसायनात रक्त मिसळतं कसं? वाट अरुंद आहे म्हणून. ०.१ मिलिमीटर अंतर ग्लुकोज सात-आठ सेकंदांत कापतं. तेच अंतर एक सेंटिमीटर केलं तर वीस तास लागतील, कारण अंतर शंभरपट झालं की वेळ दहा हजारपट होते. मायक्रोफ्लुइडिक्स नावाचं शास्त्र उभं आहे ते याच हिशेबावर. २००७ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने तर साध्या कागदावर अशा वाटा आखून लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासून दाखवली.

रक्त पाण्याच्या तीन-चारपट दाट असतं, आणि तो दाटपणा मुख्यतः तांबड्या पेशींचा. अंगात रक्त कमी असेल तर बऱ्याच पट्ट्या साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. घरात कोणाला पांडुरोग असेल, तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि थेंब येत नाही म्हणून बोट पिळू नका. पिळल्यावर पेशींभोवतालचं पाणीही रक्तात उतरतं. हात कोमट पाण्याने धुवा, खाली सोडा, थेंब आपोआप येतो.

भाषणानंतर एका काकूंनी विचारलं, पहिला थेंब पुसून टाकायचा का? हात साबणाने धुऊन कोरडे केले असतील तर पहिला चालतो. धुण्याची सोयच नसेल तर पहिला पुसा, दुसरा घ्या. ओला हात मात्र नको, पाण्याने रक्त पातळ होतं. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्या. पण बोटाला फळाचा रस असेल तर नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर विसंबू नका.

यंदा पंचामृत आईंनीच कालवलं. मशीन आता देवघरातल्या कपाटातून काढून मोरीच्या शेजारच्या फळीवर ठेवलं आहे.