डोल जाळे आणि पापलेटची पिल्ले

किनाऱ्याजवळील मासे घटू लागले की दोष ट्रॉल आणि पर्ससीन नौकांवर जातो. तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. परंतु लहान नौकांची मासेमारी माशांच्या प्रजननाच्या दृष्टीने सर्वस्वी निरुपद्रवी असते, ही समजूत मात्र तपासून पाहावयास हवी.

पालघर, मुंबई व रायगड या भागांतील डोल जाळ्याचेच उदाहरण घ्यावे. शंकूच्या आकाराची ही मोठी पिशवी खुंटांच्या अथवा नांगरांच्या आधारे प्रवाहाच्या तोंडाशी बांधतात. नौका माशामागे धावत नाही. भरती-ओहोटीचा ओघच मासा आत लोटतो. म्हणून उधाणाच्या दिवसांत मासळी चांगली मिळते आणि भांगात जाळे मंदावते. बोंबील, जवळा, करंदी ही त्याची मुख्य मिळकत. जवळा आयुष्यभर इवलासाच राहतो, त्यामुळे जाळ्याच्या शेवटच्या भागाची आस बारीक ठेवावी लागते. अडचण नेमकी येथेच आहे. त्याच ओघाबरोबर पापलेटची पिल्लेही आत येतात, आणि प्रवाहाच्या दाबाखाली बारीक आसातून त्यांची सुटका होत नाही. जाळे ओढेपर्यंत बहुतेक मेलेली असतात. ती परत समुद्रात टाकल्याने काही साधत नाही. एकदाही अंडी न घातलेला मासा असा टोपलीत जातो आणि सुक्या मासळीच्या ढिगात कवडीमोलाने विकला जातो.

यावर आस सरसकट मोठी करा, असे सांगणे सोपे आहे. पण तसे केल्यास जवळा निसटेल, आणि जवळा सुकवून विकणाऱ्या कोळी स्त्रियांची चूल त्यावरच पेटते. तेव्हा पिल्ले ज्या हंगामात व ज्या जागी दाटीने येतात, तेवढ्यापुरती मोठ्या आसाची जाळी वापरणे किंवा जाळ्यांची जागा बदलणे, हा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. त्या जागा कोणत्या, हे तांडेलांना कोणाही अधिकाऱ्यापेक्षा चांगले ठाऊक असते.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. अलीकडच्या वर्षांतील १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक नौकांसाठी असून बिगरयांत्रिक नौकांना तीतून सूट मिळाली. परंतु पिल्लांचा प्रश्न पावसाळ्यापुरता मर्यादित नाही. म्हणूनच २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी पकडीचे किमान आकारमान ठरविले, हे पाऊल महत्त्वाचे होय. त्याच वर्षी राज्यमासा म्हणून घोषित झालेल्या पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. मात्र पहिल्यांदा अंडी घालण्याच्या वेळी पापलेट याहून बरेच मोठे झालेले असते. म्हणजे हे माप अगदी कोवळ्या पिल्लांना वाचविते, होऊ घातलेल्या मादीला नव्हे. लिलावाच्या ओट्यावर साधी मोजपट्टी ठेवून मच्छीमार सहकारी संस्थांनी आपल्या सभेत याहून मोठे माप ठरविल्यास त्याला कायद्याची आडकाठी नाही.