हळद डब्यात, खरं डॉक्टरांना
(महिला मंडळाच्या हळदीकुंकवातील मनोगत)

डोक्याला स्कार्फ बांधून अंबरनाथहून लोकलनं परळला जाताना तुम्ही मला पाहिलंय. स्तनाच्या कॅन्सरवर केमो चालू होती. कुणीतरी मायेनं हळदीच्या कॅप्सूल दिल्या. डॉक्टरांना न सांगता मी त्या महिनाभर घेतल्या. नर्सबाईंनी विचारलं तेव्हा कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, "आमटीतली हळद खा, कॅप्सूल बंद."

कारण २००२ साली उंदरांवरच्या प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिननं केमोच्या एका औषधाचा परिणाम कमी केलेला दिसला होता.

वनस्पतींशी वैर नाही हं! मला दिलेलं पॅक्लिटॅक्सेल मुळात यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. आपल्या गेटजवळच्या सदाफुलीतूनही कॅन्सरची औषधं निघतात. पण ती शुद्ध करून, मोजून, तपासण्या करत देतात. सदाफुलीची पानं चावली तर विषबाधा होऊ शकते.

म्हणून आज वाण लुटताना तुमच्याकडेच एक मागते. कुणाच्या घरी केमो चालू असेल, तर जेवणाचा डबा न्या, लोकलमध्ये सोबतीला बसा. काढे, कॅप्सूल नेऊ नका. आणि पेशंटनं काही घेतलं असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नका.