शाळा उघडायची की नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला पाचजणींत बोलणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही शाळेच्या समितीवर होता. कोरोनात शाळेवरून सभेत जे भांडण झाले ते सांगा. लोक आता विसरायला लागलेत." विसरायला लागलेत हे खरे. परवा माळ्यावर मास्कची अख्खी पिशवी सापडली, तर त्याने मी मिक्सर पुसला. म्हणून म्हटले, चार शब्द बोलावे.

ही समिती म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे तिच्यात बारा आण्यांइतके पालक असावे लागतात आणि एकंदर सभासदांत निम्म्या बायका. मी सातवी शिकलेली. बायकांची जागा भरायची म्हणून माझे नाव घातले होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. दोन वर्षे मी दाखवतील तेथे सही केली आणि चहा पिऊन घरी आले.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कोणीच वाद घातला नाही. पुण्यात पहिले रोगी सापडले आणि आठ-पंधरा दिवसांत सगळेच बंद झाले. माझा मुलगा नववीत होता, मुलगी चौथीत. दोघेही परीक्षेवाचून वरच्या वर्गात गेली. मुलांना आनंद झाला, आणि खरे सांगते, मलाही झाला. सकाळची डब्याची घाई गेली. आमच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "हे लौकर आवरायचं नाही." त्यांनी त्यांच्या सासूच्या तोंडून 1918 च्या मानमोडीच्या साथीच्या गोष्टी ऐकल्या होत्या. एप्रिलमध्ये बारामतीत भिलवाडा पॅटर्न आला, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले गेले, आणि सासूबाईंचे बोलणे आम्हांला पटले.

जूनपासून शाळा मोबाइलवर भरू लागली. घरात मोबाइल एक, आणि तो घेऊन आमचे हे एमआयडीसीत पाळीला जात. दुसरी पाळी असली म्हणजे सकाळी मोबाइल घरी, पहिली असली म्हणजे नाही. जो वेळ मिळे तो मुलाला, कारण त्याची दहावी. मुलगी बिचारी सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागे ते बघायची. वीज गेली की तेही बुडे. मोबाइल मुलाकडे द्यायचा हे मीच ठरवले होते. तिच्या बापाने नाही, सासूबाईंनी नाही. हे मी मुद्दाम सांगते.

23 नोव्हेंबर 2020 पासून नववी ते बारावी उघडायची ठरली तेव्हा संमतीपत्र आले. गुरुजींची तपासणी होणार, एका बाकावर एक मुलगा बसणार, सगळे लिहिलेले होते. मी 'संमती नाही' असे लिहून दिले. सासूबाईंना दमा होता. मुलगा शाळेतून रोग घेऊन आला तर काय, एवढेच डोक्यात होते. आज विचाराल तर त्या दिवशी मी चूक केली असे मी म्हणणार नाही. पुढे एप्रिल-मे 2021 मध्ये काय झाले ते इथे बसलेल्या प्रत्येकीला माहीत आहे. खाटा मिळेनात, ऑक्सिजन मिळेना. आपल्याच आळीतली माणसे गेली. त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि शाळेने दिलेले गुण धरून निकाल लागला, राज्याचा 99.95 टक्के. पेढे वाटावे की नाही हेच कळेना.

आता मी जे सांगणार आहे त्यात नाव-गाव सांगणार नाही, आणि कोणी विचारू नये.

त्याच मे महिन्यात माझ्या माहेरच्या नात्यात एक लग्न झाले. सरकारचा हुकूम होता, लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास. मुलगी नववी संपवून दहावीत जाणार होती. आईबापांचा हिशेब साधा होता. शाळा बंद, पोरगी दिवसभर घरात, बापाचे काम सुटलेले, आणि पंचवीस माणसांत लग्न होत असेल तर मांडव नको, वाजंत्री नको, जेवणावळ नको. "पुन्हा इतकं स्वस्तात व्हायचं नाही," असे तिची आई मला म्हणाली. वय अठरा नव्हते, सोळाही नव्हते. कायदा मला माहीत होता. 1098 हा मुलांच्या मदतीचा फोन आहे हेही माहीत होते, शाळेच्या भिंतीवर लिहिलेले मी रोज वाचत असे. मी फोन केला नाही. त्या पंचवीसांतली मी एक होते. अक्षता टाकल्या, मास्क खाली करून जिलेबी खाल्ली आणि घरी आले.

मला माझी सातवी आठवली. 1993 साल असेल. आई आजारी पडली, घरात धाकटी भावंडे, आणि हायस्कूल दुसऱ्या गावाला. वडील म्हणाले, "दोन महिने घरी राहा, आईला बरं वाटलं की जा." वडील वाईट नव्हते, त्यांनी मला कधी बोट लावले नाही. आई बरीही झाली. पण ते दोन महिने काही अजून संपलेले नाहीत.

असो. ऑक्टोबर 2021 मध्ये एक गंमतच झाली. सरकारने 4 तारखेपासून शाळा उघडल्या, खेड्यांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून. आपले जळोची 2012 च्या हद्दवाढीत बारामती नगरपरिषदेत गेले, तेव्हा कागदावर आपण शहर झालो. दारात गाय बांधलेली, परड्यात कडबा रचलेला, पण आपण शहर! माझी मुलगी सहावीत. तिची मामेबहीण खेड्यात शाळेला जायला लागली आणि ही घरी. ती मला विचारी, "आई, आपलं गाव कधी होणार गं?" शेवटी डिसेंबरात तिचे वर्ग उघडले. मी तिला एकदा धडा मोठ्याने वाचायला सांगितला. चौथीत घडाघडा वाचणारी पोर, बोट धरून अक्षर-अक्षर वाचू लागली. अपूर्णांक तर मलाच येत नव्हते, मी काय शिकवणार?

आणि मग जानेवारी 2022. 3 तारखेला सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळेत हार घातला, त्याच दिवशी पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना लस सुरू झाली, आणि आठ दिवसांत पुन्हा कुलूप! नवा ओमिक्रॉन आला म्हणून 15 फेब्रुवारीपर्यंत शाळा बंद, असा हुकूम आला. त्यावर राज्यभर ओरड झाली. तेव्हा सरकार म्हणाले की 24 जानेवारीपासून उघडू, पण ज्या त्या जिल्ह्याने आपले बघावे. त्या दिवसांतली ही सभा. उघडण्याचा निर्णय आमच्या हातात नव्हता, तो जिल्ह्याचा. आम्हां पालकांना आणि गुरुजींना आपले मत काय ते लिहून द्यायचे होते. शाळेच्या पटांगणात चार-चार हातांवर सतरंज्या टाकल्या होत्या, त्यामुळे जो तो ओरडूनच बोलत होता. अर्धे भांडण त्यानेच वाढले असेल.

एक भाजीवाले दादा पहिल्याने उठले. "मार्केटात पहाटे चारपासून माणसाला माणूस घासतंय. हाटेलं निम्मी का होईना चालू हायत. तिथं कोरोना येत न्हाई, अन् शाळंतच बरा येतो?" टाळ्या पडल्या.

एका बाई उठून म्हणाल्या, "आम्हांला कोणी विचारले आहे का?" त्यांचे मूल दीड वर्षाचे होते. 2020 मध्ये त्या घरोघर तपासणीला फिरल्या होत्या, त्यांच्या बरोबरीचे गुरुजी नाक्यावर गाड्या अडवायला उभे होते. "मुले दोन तासांनी घरी जातील, मी पाच वर्गांची हवा घेऊन तान्ह्याजवळ जाणार. शाळा बंद असली तर लोक म्हणतात गुरुजी फुकट पगार खातात, उघडली तर म्हणतात आमच्या मुलांना मारता." तिला कोणी उत्तर दिले नाही. मला वाटते द्यायला हवे होते.

विज्ञानाचे गुरुजी वाचन करणारे. ते म्हणाले की 1918 च्या साथीत न्यूयॉर्क शहराने शाळा मुद्दाम चालू ठेवल्या होत्या. गरिबांची मुले कोंदट खोल्यांत राहत, त्यापेक्षा शाळेत हवा चांगली आणि रोज तपासणी होई, म्हणून. मागून कोणी तरी म्हणाले, "गुरुजी, न्यूयॉर्क राहू द्या, आपल्या वर्गाची खिडकी उघडत नाही ती आधी बघा." सगळे हसले. पण गुरुजींनी दुसऱ्या दिवशी सुतार बोलावून ती खिडकी उघडून घेतली, हेही सांगितले पाहिजे.

मग ती उठली. तिचा नवरा मे महिन्यात गेला होता. ती ओरडली नाही, म्हणून सगळ्यांना गप्प बसावे लागले. "तुम्ही उघडा," ती म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही. माझं पोरगं मी पाठवणार नाही. मला एकच आहे. तुमचं गणित बुडेल, माझं घर बुडेल." आणि बसली. तिचा मुलगा दहा वर्षांचा, लस त्याच्या वयाला नव्हतीच.

त्यानंतर कोणाला बोलवेना. मी का उठले ते मला आजही सांगता येत नाही. मी म्हणाले, "शाळा बंद ठेवायची असेल तर ठेवा. पण किती दिवस? आणि तोवर कोणतं पोर कुठं आहे, हे कोण बघणार?" मग मी ते लग्न सांगितले, नाव न घेता. पंचवीसांतली मी एक होते हेही सांगितले. माझे दोन महिनेही सांगितले. गुरुजींना विचारले, "डिसेंबरात शाळा उघडली तेव्हा वरच्या वर्गातल्या किती मुली आल्या नाहीत?" त्यांनी हजेरी मागवली. चार नावे निघाली. एक गावाला गेलेली, एक कंपनीत डबे भरायच्या कामाला लागलेली, आणि दोघींचे कोणालाच माहीत नव्हते. शेजारी बसलेल्यांनाही नाही. एप्रिल 2020 मध्ये साऱ्या जगात दीडशे कोटींवर मुले शाळेबाहेर होती असे पुढे मी वाचले. तो आकडा माझ्या डोक्यात मावत नाही. ती दोन नावे मावतात.

त्या दिवशी सभेने लिहून दिले की शाळा उघडावी, निम्मी मुले एका दिवशी, निम्मी दुसऱ्या दिवशी, आणि कोणावर सक्ती नको. त्याखाली माझ्या सांगण्यावरून एक ओळ घातली: उघडो वा न उघडो, दर आठवड्याला समितीच्या दोन बायका आणि एक शिक्षक न आलेल्या प्रत्येक मुलाच्या घरी जातील. पुणे जिल्ह्यात 1 फेब्रुवारी 2022 पासून शाळा उघडल्या, आठवीपर्यंत निम्मा दिवस. आमच्या कागदामुळे उघडल्या असे मी म्हणत नाही, असे कागद शेकड्यांनी गेले असतील. पण घरोघर जाणे मात्र आमचे आम्हीच केले.

त्या दोघींपैकी एक सापडली. घरात शिवणाची मशीन चालवत होती. तिच्या आईने आम्हांला तीन खेपा दारातून परत लावले. चौथ्या वेळी चहा टाकला, तेव्हा मी समजले की काम झाले. ती मार्चात शाळेत आली. दुसरीचे घर रिकामे होते. घरमालक म्हणाला, माणसे भाडे बुडवून गेली. ती कुठे आहे हे मला आजतागायत कळलेले नाही.

आणि जिने पोरगे पाठवणार नाही म्हटले होते, तिच्यासाठी आपल्या मंडळाने जे केले ते तुम्हांला ठाऊकच आहे. सोलापुरात नीलमनगरात 2020 मध्ये शाळेने घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते, ते आम्ही मोबाइलवर पाहिले. आपल्याकडे रंगाला पैसे कुठले! आपण देवळाच्या ओट्यावर संध्याकाळी पाच ते सहा पाट्या घेऊन बसलो. उघड्या हवेत, एका ओट्यावर आठ मुले. तो पहिले चार दिवस लांब कठड्यावर बसला आणि आई त्याच्यामागे उभी. पाचव्या दिवशी ती घरी स्वयंपाकाला गेली. जूनमध्ये तो शाळेत गेला, कोणी सांगावे लागले नाही. माझ्या मुलीला अपूर्णांक त्याच ओट्यावर एका बारावीच्या मुलीने शिकवले. मीही मागे बसून शिकले. भाकरीचे तुकडे करून सांगितल्यावर ते काही कठीण नाही.

आमच्या सासूबाई नंतर गेल्या, कोरोनाने नव्हे, वयाने. ओटा सुरू झाला तेव्हा त्या खुर्ची टाकून बसत आणि मुलांचे पाढे ऐकत. चुकले की त्यांना बरोबर कळे, शाळेची पायरी चढल्या नव्हत्या तरी.

आता शेवटचे आणि कामाचे. त्या वेळच्या पाट्या मंडळाच्या लोखंडी कपाटात खालच्या फळीवर आहेत. एकंदर बावीस होत्या, दोन फुटल्या. उसाच्या तोडीला आलेल्या मजुरांची मुले हंगामात आपल्याकडे असतात, त्यांच्यासाठी कोणाला ओटा पुन्हा चालू करायचा असेल तर कपाटाची किल्ली खजिनदारबाईंकडे आहे. खडू मात्र नवे आणावे लागतील.