आजार बॅटरीचा, शिक्षा लॅपटॉपला



बैल थकला म्हणून कोणी वखर फेकून देत नाही. पण लॅपटॉपची बॅटरी थकली की अख्खा लॅपटॉप माळ्यावर जातो. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बोरी अरबसारख्या गावात अशी यंत्रे कितीतरी घरांत पडून असतात. त्यांचा पडदा चांगला असतो, कळफलक चांगला असतो. फक्त लाइन गेली की ती क्षणात डोळे मिटतात.

माझा लॅपटॉप बारा वर्षांचा आहे. भाच्याने नवा घेतला तेव्हा हा माझ्याकडे आला. त्यावर मी कविता लिहितो, आणि कवितेपेक्षा मोलाचे आणखी एक काम करतो. गावातल्या वयस्कर बायांना जात्यावरच्या ओव्या आठवतात, त्या मी उतरवून घेतो. माझी अम्मी घरात उर्दू बोलायची, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडी मराठीच यायची. आता त्या बाया ओट्यावर बसून सांगतात, आणि ओट्यावर प्लग नसतो. एकदा आठवलेली ओवी दुसऱ्या दिवशी तशीच आठवेल, याचा भरवसा नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात माझी बॅटरी वीस मिनिटांवर आली, तेव्हा तिचा नीट तपास करणे भाग पडले.

तपास करताना पहिला संशय चार्जरवर घ्यावा. लॅपटॉप बंद करून बॅटरी काढा आणि नुसत्या चार्जरवर चालू करा. व्यवस्थित चालला तर चार्जर आणि त्याची पिन ठीक आहे. चाललाच नाही, तर दोष बहुधा चार्जरमध्ये, पिनमध्ये किंवा आतल्या बोर्डात आहे. तिथे नवी बॅटरी आणून पैसे वाया जातील.

दुसरी पायरी म्हणजे लॅपटॉपलाच विचारणे. विंडोज आठ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत ही सोय आहे. ‘सीएमडी’ टाइप केले की काळी खिडकी उघडते. तिच्यात ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजी अक्षरांत लिहायचे. एक अहवाल तयार होतो आणि तो कुठे ठेवला तेही तिथेच दिसते. त्यातले दोन आकडे पाहा: बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता. माझ्या बॅटरीची मूळ क्षमता ४८ हजार मिलिवॅट-तास होती, उरली होती ९ हजार. म्हणजे पाचवा हिस्साही नाही. त्यानंतर डॉक्टर बदलण्यात अर्थ नव्हता.

कधीकधी आकडाच चुकीचा असतो. पडद्यावर तीस टक्के दिसतात आणि लॅपटॉप पटकन बंद पडतो. अशा वेळी एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, पुन्हा भरून पाहा. आतला मोजमाप करणारा भाग ताळ्यावर येतो. पण हा उपाय रोजचा नव्हे. ‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा होता, लिथियमला तो मानवत नाही. बॅटरी फ्रीझरमध्ये ठेवण्याच्या नादी तर मुळीच लागू नका.

ही बॅटरी थकते का? लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! या बॅटरीत लिथियमचे कण दोन टोकांमध्ये ये-जा करतात. प्रत्येक खेपेला थोडे कण वाटेतच अडकतात आणि परत येत नाहीत. साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण खेपांनंतर घट जाणवू लागते. उष्णतेने ती आणखी वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. त्यात टिनाचे छत आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खालची जाळी बंद! बॅटरीने करावे तरी काय?

नवी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर लिहून न्या. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. १०.८ आणि ११.१ हे एकाच जातीचे मानले जातात, पण त्या जागी १४.८ चालत नाही. लेबलवर भारतीय मानक आयएस १६०४६चा शिक्का आणि नोंदणी क्रमांक पाहा. बनवल्याची तारीखही विचारा, कारण ही बॅटरी न वापरताही म्हातारी होते. म्हणूनच जास्तीची आणून कपाटात ठेवू नये.

जुन्या धाटणीच्या लॅपटॉपला खाली दोन खटके असतात. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खटके सरकवा, जुनी काढून नवी बसवा. माझे काम बावीसशे रुपयांत आणि पाच मिनिटांत झाले. नव्या लॅपटॉपांत मात्र बॅटरी आत स्क्रूने बसवलेली असते. हाताला सवय नसेल तर ते काम जाणकार मेकॅनिककडे द्या.

एक गोष्ट मात्र काळजीची आहे. बॅटरी फुगली, टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेना, तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि चार्जर काढा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, मुलांच्या हाती देऊ नका. तिला आग लागू शकते, आणि ती आग भराभर वाढते.

बरी दिसली तरी जुनी बॅटरी उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नका. टोकांवर चिकटपट्टी लावून ती अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराला विचारायला लाजू नका.

तेव्हा या रविवारी माळ्यावरचा लॅपटॉप खाली काढा. बॅटरी काढून, नुसता चार्जर लावून पाहा. चालू झाला तर दहावीच्या मुलीला अभ्यासाला द्या, नाहीतर आजीसमोर बसा आणि तिला आठवते ते लिहून घ्या.