खड्या मिठाचा हिशेब



शिरोड्याच्या मिठागरांचे नाव 1930 च्या सत्याग्रहामुळे आपणांस ठाऊक आहे. आज मात्र बोलायचे आहे ते मिठाविषयीच. पावसाळ्यात खड्या मिठाच्या बरणीत पाणी सुटते. तो दोष मुख्यतः मिठासोबत आलेल्या मॅग्नेशियम क्लोराईडचा.

एक किलो समुद्रजलात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यांत आपले मीठ सुमारे 27 ग्रॅम. पाणी आटताना आधी जिप्सम बसते, मग मीठ. मॅग्नेशियमचे क्षार कडू पाण्यात राहतात. ते पाणी वेळीच काढून टाकले नाही तर मीठही कडवट होते. मिठागरात एवढे वेगळे होते. किती उरले हे प्रयोगशाळेतला तराजू सांगतो.

मीठ वाळवून, तोलून पाण्यात विरघळवावे व गाळावे. एका भागात नवसागर व अमोनिया घालून अमोनियम ऑक्झलेट टाकले की कॅल्शियमचा पांढरा साका बसतो. तो गाळल्यावर सोडियम फॉस्फेटने मॅग्नेशियम खाली येते. हा क्रम उलटा करून चालत नाही. फॉस्फेट आधी पडले तर दोन्ही एकदम बसतात. आमची मुले हा क्रम घोकतात, कारण विचारीत नाहीत.

दुसऱ्या भागात थोडे आम्ल घालून, गरम असतानाच बेरियम क्लोराईड थेंबथेंब सोडावे. घाई केली तर साका इतका बारीक होतो की गाळणकागदातून निसटतो. तो धुऊन, मुशीत तापवून, दोन वजने सारखी येईपर्यंत तोलावा. या साक्याच्या दर 233 भागांत सल्फेट 96 भाग. तिसऱ्या भागात सिल्व्हर नायट्रेटने क्लोराईड मोजतात. तो साका उन्हात काळवंडतो, म्हणून सावलीत ठेवावा. हे औषध महाग आहे, बोटेही काळी करते.

आता गंमत पाहा. द्रावणात कोण कोणाचा जोडीदार, हे वजन सांगत नाही. रसायनज्ञ हिशेबासाठी जोड्या लावतो: कॅल्शियम सल्फेटला, उरलेले सल्फेट मॅग्नेशियमला, उरलेले मॅग्नेशियम क्लोराईडला, आणि शेवटी राहिलेले क्लोराईड सोडियमला.

ओलावा व न विरघळलेली माती धरून बेरीज शंभराच्या आसपास यावी. सत्त्याण्णव आली तर काही निसटले. एकशेतीन आली तर बहुधा साका नीट धुतला वा वाळवला नाही. पालकहो, मुलाच्या वहीत प्रत्येक वेळी नेमके शंभर दिसले, तर त्याला विचारा, मूस किती वेळा तोललीस?